रिमोट डेस्कटॉपवरून दुकानातल्या डॉट मॅट्रिक्सवर पट्टी कशी छापायची?

आडतीवरून · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. लातूरच्या मार्केट यार्डात आमची भुसार मालाची आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. माल तोलून झाला की वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी देतो, ती आम्ही तीन प्रतींच्या कागदावर डॉट मॅट्रिक्सने, म्हणजे पिनांच्या ठोक्याने छापणाऱ्या प्रिंटरने, छापतो.

हिशोबाचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोमधला आहे, २००६ साली गावातल्याच एका प्रोग्रामरकडून लिहून घेतलेला. इतकी वर्षं त्याने कधी दगा दिला नाही. यंदा औशाला दुसरं दुकान घेतलं आणि दोन्हीकडे खातेवही एकच हवी म्हणून प्रोग्राम पुण्यातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला. दोन्ही दुकानांतून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तो दूरचा संगणक इथल्या पडद्यावर उघडून, आत जातो. नोंदी होतात, वेगही बरा आहे.

अडलंय ते छपाईपाशी. प्रोग्राममधून पट्टी छापायला गेलं की 'प्रिंटर नॉट रेडी' असा निरोप येतो. जोडणीच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'प्रिंटर्स'वर खूण केलेली आहे. सर्व्हरवरच्या यादीत आमचा प्रिंटर दिसतोसुद्धा, नावापुढे कंसात 'रिडायरेक्टेड २' असं लागून. टेस्ट पेज निघतं, पट्टी मात्र निघत नाही. सर्व्हरवाले म्हणतात दोष प्रोग्रामचा, प्रोग्रामर म्हणतो दोष सर्व्हरचा.

चार दिवस झाले, मुनीमजी हाताने पट्ट्या लिहितायत. दिवसाला दीडशेच्या वर. सोयाबीनची आवक जोरात आहे आणि माणसं ट्रॅक्टर उभा करून ताटकळतात. कुणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

टोनरआणिरिबन · सोमवार, रात्री १०:२५

सोलापुरात प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. आधी एवढं सांगा. प्रिंटर जुनाच आहे की नवा घेतलाय? संगणकाला जोडलाय तो जाड समांतर केबलने की यूएसबीने? आणि टेस्ट पेज निघताना हेड एकाच ओळीवरून दोन-तीनदा फिरत सावकाश छापतो, की पट्टी छापायचा तसा सरसर जातो?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हेडच्या आवाजावरून कळतं की प्रिंटरला अक्षरं मिळतायत की चित्र.

आडतीवरून · सोमवार, रात्री १०:५०

प्रिंटर नवा आहे, नऊ पिनांचाच. जुना समांतर केबलवर होता, पण नव्या संगणकाला मागे तसं भोकच नाही म्हणून यूएसबीचा घेतला. टेस्ट पेज अगदी सावकाश निघालं, करकर आवाज करत. जुन्या प्रिंटरवर पट्टी निघायची ती सात-आठ सेकंदांत.

करसल्लागार_ठाणे · मंगळवार, सकाळी ८:०५

आमच्या ऑफिसात लेझर प्रिंटर आहे, त्यामुळे प्रश्न थोडा वेगळा, पण 'रिडायरेक्टेड २' वाचून लिहावंसं वाटलं. घरून ऑफिसच्या संगणकावर जाते तेव्हा एका सॉफ्टवेअरमध्ये मी घरचा प्रिंटर निवडून ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याच नावाचा प्रिंटर सापडत नाही, कारण आता तो 'रिडायरेक्टेड ४' झालेला असतो. मग सॉफ्टवेअर गुपचूप ऑफिसातल्या प्रिंटरवर छापतं. एकदा एका अशिलाचं विवरणपत्र असंच तिकडच्या ट्रेमध्ये रात्रभर पडून राहिलं. दुसऱ्याचे कागद आपल्या भरवशावर असतात, त्यामुळे मला ती गोष्ट फार लागली. यावर उपाय आहे का?

सर्व्हरखोली · मंगळवार, सकाळी ९:३०

दोघांच्याही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिमोट डेस्कटॉपने आपण जोडले जातो तेव्हा आपला संगणक पलीकडच्याला सांगतो की माझ्याकडे अमुक अमुक प्रिंटर आहेत. पलीकडचा त्या प्रत्येकासाठी छपाईच्या कामांची एकेक रांग उघडतो, आणि तीही फक्त त्या सत्रापुरती. तिचं पोर्ट टीएस००१, टीएस००२ अशा नावाचं असतं आणि कंसातला आकडा हा सत्राचा क्रमांक असतो. जोडणी तुटली की रांग पुसली जाते, पुन्हा आलात की नव्याने तयार होते. पूर्ण लॉग ऑफ करून आलात तर सत्र नवं, म्हणून आकडाही बदलू शकतो. हा प्रिंटर पाहुणा आहे असं समजून चाला. त्याच्या पूर्ण नावावर विसंबणारं कुठलंही सॉफ्टवेअर आज ना उद्या अडकणारच.

ठाणेकर ताई, तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरचं नाव निवडू नका, 'डिफॉल्ट प्रिंटर' एवढंच ठेवा. जोडणी करताना घरच्या संगणकावरचा डिफॉल्ट प्रिंटर सत्रातही डिफॉल्ट होतो, मात्र ऑफिसच्या धोरणात ते बंद केलेलं नसावं. घरच्या विंडोजमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा' अशी एक सोय असते, ती बंद करा. नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होत राहतो. आणि सॉफ्टवेअर उघडंच ठेवून जोडणी तोडत असाल तर परत आल्यावर ते बंद करून पुन्हा उघडा, कारण त्याच्या लक्षात जुनी, पुसलेली रांग असते.

आता पट्टीचं. विंडोज सर्व्हर २००८ पासून अशा पाहुण्या प्रिंटरांसाठी 'ईझी प्रिंट' आलं. त्याआधी दुकानातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, सर्व्हरवरही त्याच नावाने बसवावा लागायचा आणि जमलं नाही तर स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, कोसळायचा. ईझी प्रिंटमध्ये सर्व्हर पान एक्सपीएस स्वरूपात तयार करतो, ते जोडणीतून आपल्याकडे पाठवतो आणि ते प्रिंटरच्या भाषेत आणायचं काम आपल्या संगणकावरचा खरा ड्रायव्हर करतो. लेझर, इंकजेटसाठी ही व्यवस्था उत्तम. तुमचं टेस्ट पेज याच वाटेने आलं. पान म्हणून आलं, म्हणून चित्रासारखं छापलं गेलं.

तुमचा प्रोग्राम पान बनवतच नाही. तो अक्षरं आणि प्रिंटरचे आदेश थेट एलपीटी१ वर लिहितो. प्रोग्राम आता चालतोय पुण्याच्या सर्व्हरवर, त्यामुळे एलपीटी१ म्हणजे त्या सर्व्हरचं समांतर पोर्ट, जे तिथे नाहीच. 'नॉट रेडी' हा निरोप अगदी खरा आहे. प्रोग्रामर आणि सर्व्हरवाले, दोघांचंही चुकलेलं नाही.

तीच कच्ची अक्षरं 'रिडायरेक्टेड' प्रिंटरवर ढकलली तरी फायदा नाही. ईझी प्रिंटला रूपांतर करायला पान लागतं, ते या वाटेने मिळत नाही.

टोनरआणिरिबन · मंगळवार, सकाळी १०:१०

वरचा प्रतिसाद लाख मोलाचा. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन माणसं चांगला चालू प्रिंटर घेऊन येतात की हा बिघडला. प्रिंटरला काही झालेलं नसतं. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर गेलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. सहकारी पतसंस्था, वजनकाटे, औषधांची दुकानं, सगळीकडे हीच गत.

न्यूजर्सीतून · मंगळवार, सायं. ६:२०

डॉट मॅट्रिक्सच हवा का? सर्व्हरवर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आहेच. पट्टीची पीडीएफ करा. जोडणीत 'ड्राइव्हज'वर खूण केली की दुकानातली हार्ड डिस्क सर्व्हरवर दिसते, तिथे फाइल ठेवा आणि लेझरवर छापा. लाइट गेली, नेट गेलं तरी पीडीएफ हाताशी राहते.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची वाटते. पुण्याचा सर्व्हर तुम्ही थेट इंटरनेटवरून गाठता का? म्हणजे ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट जगाला उघडं आहे का?

टोनरआणिरिबन · मंगळवार, सायं. ७:००

लेझरवर तीन प्रती एकदम निघत नाहीत हो. तीन थरांच्या कागदावर अक्षर खाली उमटतं ते पिनांच्या ठोक्याने. लेझरला ठोकाच नाही. तीनदा छापता येतं, पण तिन्ही प्रती एकाच ठोक्याच्या असल्या की आकड्यात फेरफार झाला नाही याची शेतकऱ्याला खात्री असते. यार्डात त्या खात्रीला किंमत आहे. शिवाय धुळीत आणि उन्हाळ्यातल्या पत्र्याखाली लेझर किती टिकतो ते मी रोज बघतो.

आडतीवरून · मंगळवार, रात्री ९:१५

टोनर साहेबांनी माझ्या मनातलं लिहिलं. वडील म्हणतात, पट्टी ही आपली जबान आहे.

३३८९ बद्दल: होय, थेटच जातो. पत्ता टाकायचा, पासवर्ड टाकायचा, आत. हे चुकीचं आहे का?

सर्व्हरखोली · मंगळवार, रात्री १०:००

चुकीचं आहे आणि आज रात्रीच बदलण्यासारखं आहे. ३३८९ उघडं दिसलं की त्यावर पासवर्डांचा मारा करणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे अनेकदा याच दारातून आत शिरतात. तुमच्या खातेवहीत शेकडो शेतकऱ्यांची येणी-देणी आहेत. तिची एक प्रत रोज सर्व्हरच्या बाहेर, न जोडलेल्या डिस्कवर निघते ना?

योग असा की या दाराला कुलूप घालणं आणि पट्टी छापणं, दोन्हींची वाट एकच आहे. सर्व्हर आणि दोन्ही दुकानं यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, टाका. वायरगार्ड नावाचं त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि हलकं आहे. त्यात लातूरच्या संगणकाला एक कायमचा आतला पत्ता मिळेल, औशाच्या संगणकाला दुसरा. ३३८९ फक्त त्या बोगद्यातून उघडं ठेवा, बाहेरून बंद. बंद करण्याआधी बोगद्यातून आत जाता येतंय हे मात्र तपासा, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.

मग दुकानाच्या संगणकावर डॉट मॅट्रिक्स शेअर करा, नाव छोटं ठेवा, समजा 'पट्टी'. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सर्व्हरवर लातूरच्या लॉगिनमध्ये 'नेट यूज' या आदेशाने एलपीटी१ ला दुकानातल्या त्या शेअरशी जोडा. प्रोग्राम नेहमीसारखा एलपीटी१ वर लिहील आणि अक्षरं जशीच्या तशी दुकानातल्या रांगेत पडतील. रिडायरेक्शनचा संबंधच उरत नाही, त्यामुळे सत्राचा आकडा बदलला तरी फरक पडत नाही. सर्व्हरवर कुठलाही ड्रायव्हर लागत नाही हा मोठा फायदा. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली आणि ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार मुळात प्रशासकापुरता झाला. सर्व्हरवर ड्रायव्हर जितके कमी तितकं बरं.

ही जोडणी प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. म्हणजे लातूरच्या लॉगिनचा एलपीटी१ लातूरला छापेल, औशाच्या लॉगिनचा औशाला. प्रोग्रामला हात लावायची गरज नाही.

न्यूजर्सीतून · मंगळवार, रात्री १०:४०

पीडीएफचा सल्ला मागे घेतो. तीन प्रतींमागचं कारण मला माहीत नव्हतं. मी आरोग्यविम्याच्या कामात आहे आणि आमच्याकडे प्रिंटर रिडायरेक्शन धोरणानेच बंद आहे. रुग्णाचा कागद कुणाच्या घरच्या प्रिंटरवर निघू नये म्हणून. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत 'क्लायंट प्रिंटर रिडायरेक्शनला परवानगी नको' अशी तरतूद आहे. यादीत प्रिंटर अजिबातच न दिसणाऱ्यांनी आधी ऑफिसात विचारून बघावं, उगाच ड्रायव्हर बदलत बसू नये.

उबुंटूवाला · बुधवार, सकाळी ७:४५

लिनक्सवरून जोडणाऱ्यांसाठी दोन ओळी. रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्राममध्ये जोडणीच्या मांडणीत प्रिंटर शेअर करण्याची खूण असते. एक्सफ्रीआरडीपी या आदेश लिहून चालवायच्या प्रोग्रामला 'स्लॅश प्रिंटर' हा पर्याय द्यावा लागतो, त्यात प्रिंटरचं नाव आणि सर्व्हरवरच्या ड्रायव्हरचं नावही देता येतं. प्रिंटर आधी कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईव्यवस्थेत, नीट छापतोय ना हे बघून घ्या.

आडतीवरून · बुधवार, रात्री ११:१०

पुतण्याला हाताशी घेऊन बसलो. वायरगार्ड झालं, दोन्ही बाजू एकमेकींना पिंग करतात, हाकेला ओ देतात. बाहेरचं ३३८९ बंद केलं. बॅकअप रोज निघतो, पण डिस्क कायम जोडलेलीच असायची. आता काढून कपाटात ठेवली.

'नेट यूज' मात्र एरर ५३ देतंय. नेटवर्कचा मार्ग सापडत नाही म्हणे. पिंग होतंय, मग मार्ग कसा नाही?

सर्व्हरखोली · बुधवार, रात्री ११:३५

जवळ आलात. दुकानाच्या संगणकाची फायरवॉल अडवतेय. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चा नियम खासगी नेटवर्कवर मुळात 'लोकल सबनेट'पुरताच चालू असतो, म्हणजे दुकानातल्याच यंत्रांपुरता. बोगद्यातून येणारा सर्व्हर त्याला परका वाटतो. एसएमबीच्या, म्हणजे शेअरिंगच्या ४४५ पोर्टच्या नियमात 'स्कोप'मध्ये सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता घाला. तेवढा एकच, सगळ्यांना उघडू नका.

यानंतर तो नाव-पासवर्ड मागेल. दुकानाच्या संगणकावर छपाईसाठी एक वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला पासवर्ड ठेवाच. पासवर्ड कोरा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

आडतीवरून · गुरुवार, सकाळी ७:५०

५३ गेला! 'कमांड कम्प्लीटेड सक्सेसफुली' आलं. आदेश द्यायच्या काळ्या खिडकीतून एक छोटी मजकूर फाइल एलपीटी१ वर कॉपी केली तर इथे प्रिंटर सरसर चालला. आठवडाभराने तो आवाज ऐकून वडील आतून उठून आले.

पण प्रोग्राममधून अजून तेच, 'नॉट रेडी'. काळ्या खिडकीतून छापतं आणि प्रोग्राममधून नाही, हे कसं?

सर्व्हरखोली · गुरुवार, सकाळी ८:२०

काळी खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडली होती का? तसं असेल तर उत्तर तिथेच आहे. प्रशासक म्हणून केलेली जोडणी प्रशासकाच्याच खात्यात राहते, साध्या पद्धतीने उघडलेल्या प्रोग्रामला ती दिसत नाही. माणूस तोच, लॉगिन तेच, तरीही विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी सत्रं. आदेश साध्या खिडकीतून पुन्हा द्या. मग तो एका बॅच फाइलमध्ये लिहून त्या लॉगिनच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे रोज सकाळी आपोआप जोडला जाईल.

आडतीवरून · गुरुवार, सकाळी ९:०५

निघाली! पहिली पट्टी निघाली. निलंग्याकडचे एक काका सकाळपासून बसले होते, त्यांचीच. सर्वांचे मनापासून आभार.

एक अडचण. पट्टी सहा इंचांची आहे, पण छापून झाल्यावर कागद बारा इंच पुढे जातो. एक पट्टी कोरी वाया जाते.

टोनरआणिरिबन · गुरुवार, सकाळी ९:२०

हे माझ्या हद्दीतलं. प्रोग्राम शेवटी 'पान पुढे घे' असा आदेश देतो. पान केवढं, हे प्रिंटर स्वतःच्या मांडणीवरून ठरवतो. जुन्या प्रिंटरवर कुणीतरी सहा इंच लावून ठेवलं होतं, नवा कारखान्यातून आला तसाच आहे. समोरच्या बटणांतून मेनूत जा, पानाची लांबी सहा इंच करा, साठवा, बंद करून चालू करा. विंडोजमध्ये कागदाचा आकार बदलत बसू नका, कच्ची अक्षरं जातात तेव्हा तिथल्या आकाराला कुणी विचारत नाही.

लेझर किंवा ईझी प्रिंटवाल्यांनी मात्र वेगळ्या मापाचा कागद आपल्या संगणकावर, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'च्या 'फॉर्म्स'मध्ये तयार करावा. तिथे ड्रायव्हर आपल्याकडचा चालतो.

करसल्लागार_ठाणे · गुरुवार, दुपारी १:१५

डिफॉल्टचं सांगितल्याप्रमाणे केलं, तीन दिवसांत एकही कागद भलतीकडे गेला नाही. धन्यवाद.

आडतीवरून, पट्टीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत येतं का? सहज विचारतेय. माझे आजोबा बार्शीला माल घालायचे, पट्टीवरचं इंग्रजी नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

आडतीवरून · गुरुवार, रात्री ८:४०

नाही ताई. कागदावरची शीर्षकं मराठीत छापून घेतलेली आहेत, पण नाव, गाव, मालाचा प्रकार इंग्रजी अक्षरांत येतं. तुमचं वाचून वडील गप्प झाले. मुनीमजींनी हाताने लिहिलेल्या पट्ट्या मराठीत होत्या, आणि या आठवड्यात दोघा-तिघांनी त्या स्वतः वाचून हमालीचा आकडा विचारला. एरवी कुणी विचारत नाही.

प्रिंटरवर मराठी आणता येईल का?

टोनरआणिरिबन · गुरुवार, रात्री ९:३०

पूर्वी येत होतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या प्रोग्राममधूनही डॉट मॅट्रिक्सवर देवनागरी निघायची. मी स्वतः अशी कार्डं बसवली आहेत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली आलं ते त्याच काळात. आता बहुतेक नऊ पिनी प्रिंटरांच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. कच्च्या वाटेने मराठी पाठवलं तर नुसता कचरा छापून येईल.

म्हणजे मराठी हवी तर चित्राची वाट. वेळ लागेल, पण निघेल.

सर्व्हरखोली · गुरुवार, रात्री १०:०५

आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत, मुळातून येत नाही, त्यामुळे त्यात मराठी नावं साठवणंच जिकिरीचं. पण पूर्ण प्रोग्राम बदलायची गरज नाही. पट्टी छापण्यापुरता एक वेगळा लहान प्रोग्राम करता येईल. तो फॉक्सप्रोच्या तक्त्यांमधून आकडे वाचेल, शेतकऱ्याच्या खाते क्रमांकावरून मराठी नाव दुसऱ्या यादीतून घेईल आणि पान तयार करून डिफॉल्ट प्रिंटरवर पाठवेल. तेव्हा मात्र तुमचा तो 'रिडायरेक्टेड' प्रिंटर कामाला येईल, कारण हे ईझी प्रिंटला समजणारं पान असेल. दोन्ही वाटा एकाच प्रिंटरवर सुखाने नांदतात.

आडतीवरून · रविवार, दुपारी १२:३०

आज यार्ड बंद, म्हणून निवांत लिहितो. शुक्रवार-शनिवार मिळून साडेतीनशेवर पट्ट्या निघाल्या. औशालाही त्याच पद्धतीने जोडलं, तिथे तासाभरात झालं. शनिवारी दुपारी नेट गेलं होतं. परत आल्यावर 'नेट यूज' पुन्हा द्यावं लागलं, म्हणून त्या बॅच फाइलचं चिन्ह मुनीमजींच्या पडद्यावरच ठेवलंय.

काल रात्री वर्डमध्ये नमुन्याची एक पट्टी मराठीत करून रिडायरेक्टेड प्रिंटरवर काढली. घड्याळ लावलं, चाळीस सेकंद. इंग्रजीची आठ. गर्दीच्या दिवशी हा फरक जड आहे. पण ड्रायव्हरमध्ये 'ड्राफ्ट' निवडल्यावर पंचवीसवर आली, आणि अक्षर वाचता येतंय. नाव आणि गाव एवढंच मराठीत ठेवून आकडे इंग्रजी ठेवले तर वेळ वाचेल का? टोनर साहेब, तुम्ही कधी असं मिश्र छापून पाहिलंय का? वडिलांनी शेतकऱ्यांच्या नावांची यादी मराठीत लिहायला घेतली आहे. पहिली दोन पानं झाली.

टोनरआणिरिबन · रविवार, दुपारी १:०५

आकडे तसेच ठेवले तरी पान चित्र म्हणूनच जातं, त्यामुळे फार वाचणार नाही. रिकामी जागा जितकी जास्त तितका हेड पटकन पुढे जातो, म्हणून रेघा-चौकटी प्रिंटरकडून काढू नका, त्या कागदावरच छापून घ्या. तुमच्या मांडणीचा नमुना पाठवा. उद्या दुकानात नऊ पिनी आणि चोवीस पिनी दोन्हींवर काढून बघतो आणि वेळ इथे लिहितो.